जुन्या घरातलं बेसिन हळू उतरतंय, ॲसिड न ओतता काय करता येईल?

कौलारू:
नमस्कार मंडळी. बाथरूममधल्या बेसिनचं पाणी हल्ली फार हळू उतरतं. दात घासून होईपर्यंत बेसिन अर्धं भरलेलं असतं आणि पाणी गेल्यावर कडेला साबणाचा राखाडी वळ राहतो. पूर्ण तुंबलेलं नाही, पण दिवसेंदिवस वाढतंय हे नक्की.

घर जुनं आहे. बेसिनखाली क्रोमचा मुलामा दिलेला पितळी वाकडा ट्रॅप (थोडं पाणी धरून ठेवणारा बाक) आहे. तो भिंतीत शिरतो आणि तिथून पुढचा पाइप जस्ती लोखंडाचा. नटांवर हिरवट थर चढलाय, आधी कुणी उघडल्याच्या खुणा नाहीत. बाथरूमच्या जमिनीतली जाळी मात्र व्यवस्थित पाणी घेते.

ज्याला विचारावं तो ॲसिड ओता म्हणतो. मला ते करायचं नाही. भिंतीतला पाइप किती शिल्लक आहे हेच माहीत नाही, त्यात तेजाब सोडलं तर भिंत ओली व्हायला वेळ लागणार नाही. सुरुवात कुठून करावी, कोणत्या क्रमाने जावं आणि जुन्या सामानाला हात लावताना काय सांभाळावं, हे जाणकारांनी कृपया सांगा.

शुभ्रा:
खायचा सोडा अर्धी वाटी, त्यावर व्हिनेगर आणि तासाभराने उकळतं पाणी. फेस येतो तो सगळी घाण सुटी करतो. मी नेहमी हेच करते, वासही जातो.

पाइपपाना:
कौलारू, ॲसिड नको हा तुमचा निर्णय अगदी बरोबर आहे. मी हेच काम करतो, म्हणून सांगतो. जुन्या घरात आधी काही ओतायचंच नाही, आधी बघायचं. हळू उतरणारं बेसिन हे एकाच कारणाने होत नाही आणि कारण कुठे बसलंय ते कळल्याशिवाय केलेला उपाय बहुतेक वेळा भलत्याच जागी जातो.

एक साधी तपासणी करा. बेसिनला बूच लावून काठाखालपर्यंत भरा, बूच एकदम काढा आणि नीट बघा.

पहिल्या क्षणापासूनच संथ असेल तर अडथळा अगदी वर, जाळीपाशी किंवा ट्रॅपच्या आत. सुरुवातीला झपकन थोडं उतरून मग पाणी थबकत असेल, तर ट्रॅपच्या पुढे मोकळी जागा आहे आणि ती भरली की पाणी अडतंय. म्हणजे अडथळा भिंतीच्या बाजूला. ३२ मिलीमीटरच्या एक मीटर पाइपात जेमतेम ८०० मिलीलीटर पाणी मावतं, तेव्हा किती पाणी पटकन गेलं यावरून अडथळा साधारण किती लांब आहे याचा अंदाज येतो. बारीक लक्ष द्यावं लागतं, पण येतो.

तिसरी गोष्ट कानाची. बेसिन रिकामं होताना जमिनीतल्या जाळीतून किंवा संडासाच्या भांड्यातून गुडगुड येते का? येत असेल तर दोष बेसिनचा नाही, पुढच्या मोठ्या लाइनीचा किंवा हवेच्या पाइपाचा.

एवढं करून इथे सांगा. आणि शुभ्राताई, उकळतं पाणी नको. सिरॅमिक थंड असताना एकदम उकळतं पाणी पडलं तर तडा जातो, आणि पुढे कुठे प्लास्टिकचा तुकडा जोडलेला असेल तर तो मऊ पडतो. साध्या पीव्हीसी पाइपासाठी ६० अंशांच्या पुढे जाऊ नये. हाताला सोसेल त्याहून जरा जास्त गरम, इतपत पुरे.

प्रयोगवही:
सोडा-व्हिनेगरबद्दल थोडं. शुभ्राताई, वास जातो हे खरं असेल, पण अडथळा जाण्याशी त्या फेसाचा संबंध फार कमी. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना संपवतात आणि मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं सौम्य पाणी. कार्बन डायऑक्साइडचा फेस उघड्या तोंडाने वर निघून जातो, आत दाब तयार होत नाही. केसांवर तर त्याचा काहीच परिणाम नाही. वेगवेगळे वापरले तर दोघांचाही उपयोग आहे: नुसतं व्हिनेगर क्षारांचा पातळ थर मऊ करतं, नुसता सोडा घासायला चांगला.

मुळात बेसिनच्या पाइपात अडकतं काय? केस, आणि त्यांना धरून बसलेला साबण. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा चिकट गाळ तयार होतो. तुमच्या बेसिनच्या कडेला जो राखाडी वळ दिसतोय तो हाच. त्यात टूथपेस्टची बारीक पूड, दाढीचे बारके केस, क्रीमचं तेल हे सगळं बसत जातं आणि त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये तूप-तेल मुख्य असतं, इथे केस मुख्य. म्हणून तिथले उपाय इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

शुभ्रा:
धन्यवाद प्रयोगवही. म्हणजे उपयोग झाला तो गरम पाण्याचाच असणार. पुढच्या वेळी दोन्ही वेगवेगळे वापरून बघते.

कौलारू:
पाइपपानादादा, तपासणी केली. बूच काढल्याबरोबर साधारण तांब्याभर पाणी गर्रकन गेलं, मग वेग एकदम पडला. पडला तो पडलाच. मधूनमधून जाळीतून एखादा मोठा बुडबुडा वर येतो. जमिनीतल्या जाळीतून आवाज नाही, संडासातही नाही.

पाइपपाना:
मग मोठी लाइन सध्या बाजूला ठेवा. तांब्याभर गेलं म्हणजे मुख्य अडथळा ट्रॅपच्या पुढे असण्याचा संभव जास्त. तरी सुरुवात वरूनच करायची, कारण वरचा गुंता काढल्याशिवाय खालचं चित्र खरं दिसत नाही आणि वरच्या कामात काही मोडत नाही.

बेसिनच्या भोकात टॉर्च मारा. जुन्या वेस्ट कपलिंगमध्ये, म्हणजे त्या भोकात बसवलेल्या तुकड्यात, तोंडाशीच पितळेची अधिक चिन्हासारखी आडवी पट्टी असते. केस पहिल्यांदा तिथे अडकतात. वरून दिसतात ते दोन-चार, पण खाली त्यांची दोरी लोंबत असते. वर-खाली होणारं बूच असेल तर ते आधी काढायला लागेल. काही बुचं फिरवून निघतात, काहींना मागच्या बाजूने आडवी दांडी असते. ती दांडी धरून ठेवणारा छोटा नट बेसिनखाली असतो, तो सोडवला की बूच वर उचलून येतं. दांडीवरच्या वॉशरचा क्रम लक्षात ठेवा.

केस काढायला काट्यांची लवचिक प्लास्टिक पट्टी मिळते, ती उत्तम. नसेल तर तारेच्या टोकाला लहानसा आकडा करा. पट्टी सरळ खाली सोडा, अर्धा वेढा फिरवा आणि सावकाश वर घ्या. घाई केली तर गुंता तुटतो आणि अर्धा खाली राहतो. तोच भाग पुन्हा पुन्हा, पट्टी स्वच्छ वर येईपर्यंत.

मग रबरी पंप. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते: बेसिनच्या काठाजवळचं जादा पाण्याचं भोक. ते उघडं असेल तर पंपाचा सगळा जोर तिथून बाहेर जातो. ओलं फडकं घट्ट दाबून ते बंद करायचं, दुसरं माणूस धरायला असेल तर बरं. बेसिनमध्ये पंपाची वाटी बुडेल इतकं पाणी हवं, हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, म्हणून आत हवा कमीत कमी ठेवायची. जोर खाली दाबण्यापेक्षा वर ओढण्यात लावा. जुन्या पाइपात अडथळा पुढे ढकलण्यापेक्षा हलवून सैल केलेला बरा. आणि जर आधी कुणी तिथे केमिकल ओतलं असेल तर पंप अजिबात मारायचा नाही, उडालेला एक थेंब डोळ्यासाठी पुरेसा असतो.

भाड्याचंघर:
वाचनखूण साठवली. मी भाड्याच्या जुन्या घरात राहते, ट्रॅप उघडायची परवानगी नाही. नुसत्या पट्टीने काम होईल का?

पाइपपाना:
बऱ्याचदा होतं ताई. पट्टी आणि पंप दोन्हींना काही उघडावं लागत नाही. फरक नाही पडला तर घरमालकांना कळवा, आणि तुम्ही काय काय केलंत तेही सांगा. पुढे उघडणाऱ्याला ते माहीत असणं गरजेचं आहे.

कौलारू:
पट्टीने बरंच निघालं. काळा, बुळबुळीत, बोटभर जाडीचा गुंता, आणि गंमत म्हणजे तो आडव्या पट्टीवर नव्हता, तिच्या खालच्या बाजूला चिकटून होता, त्यामुळे वरून काहीच दिसत नव्हतं. धुतल्यावर कळलं की त्यात केसांपेक्षा साबणाचे घट्ट पापुद्रेच जास्त आहेत. नखाने दाबले तर मेणासारखे दबतात.

त्यानंतर पंपही मारला. सुधारणा आहे, पण पूर्ण नाही. तांब्याभराऐवजी आता आणखी थोडं जास्त पाणी झपकन जातं आणि मग तेच. आता ट्रॅप उघडायला हवा असं वाटतं. त्या हिरव्या नटांची धास्ती आहे.

जुनीजाणती:
धास्ती वाटते ते चांगलंच आहे. आमच्याही घरात असाच पितळी ट्रॅप होता, त्यावरून सांगते. क्रोमचा मुलामा बाहेरून चकचकीत असतो आणि पितळ आतून खाल्लं गेलेलं असतं, विशेषतः बाकाच्या तळाला, जिथे पाणी कायम उभं असतं. उघडायच्या आधी तळाला अंगठ्याने हलके दाबून बघा. पत्रा दबतोय असं वाटलं, किंवा मुलाम्यावर बारीक फोड आणि हिरवे-पांढरे ठिपके असतील, तर तो ट्रॅप पान्याच्या पहिल्या पिळाला चुरगळणार असं धरूनच चाला. म्हणजे बदली ट्रॅप आणि नवीन वॉशर घरात आणून ठेवूनच हात लावा. मापही आधीच घ्या, ३२ आणि ४० मिलीमीटर असे दोन्ही प्रकार असतात.

नट घट्ट असेल तर भेदक तेल (फटीत शिरून गंजलेले आटे सैल करणारं) सोडून रात्रभर ठेवा. पान्याच्या दातांवर कापडी पट्टी गुंडाळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन पाने वापरा. एकाने नट फिरवायचा, दुसऱ्याने मागचा भाग स्थिर धरायचा. एकाच पान्याने जोर लावला तर तो पीळ भिंतीतल्या पाइपाला जातो, आणि जुना जस्ती पाइप तुटतो तो नेहमी आट्यांपाशी, भिंतीच्या आत, कारण आटे पाडताना तिथे धातू पातळ झालेला असतो.

खाली बादली ठेवा. नळावर फडकं बांधा, म्हणजे सवयीने कुणी नळ सोडणार नाही. ट्रॅप निघाला की भिंतीतल्या उघड्या तोंडात चिंधी कोंबा, तिचं टोक बाहेर राहू द्या. गटाराचा वायू नुसता वासाला वाईट नाही, त्यात हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतात.

रानवाट:
जुनीजाणती ताई, आमच्या घरातला ट्रॅप पितळी वाटत नाही. मळकट राखाडी आहे, नट दिसतच नाहीत, जोड गोल फुगीर आहे. हे काय असावं?

जुनीजाणती:
शिसं असण्याची शक्यता मोठी. एका कोपऱ्यात नखाने किंवा नाण्याने हलके ओरखडा. चटकन ओरखडा उठला आणि आतून चंदेरी चकाकी दिसली तर शिसंच, चुंबकही चिकटणार नाही. त्याला पाना लावू नका, पक्कड तर मुळीच नाही, दबतं आणि दुमडतं. तिथे वरून पट्टी आणि हलक्या हाताने स्प्रिंग (पाइपात घालून फिरवायची लांब लवचिक तार) एवढंच. हात लावल्यावर साबणाने धुवा, घासून भुकटी उडवू नका. जमेल तेव्हा जाणकाराकडून तो भाग बदलून घेणंच योग्य.

कौलारू:
ट्रॅप उघडला! जुनीजाणती ताई, दोन पाने सांगितलेत ते फार उपयोगी पडलं. भिंतीच्या बाजूचा नट एकदम कुरकुरत सुटला आणि तेव्हाच मागचा पाइप हलायला बघत होता, दुसऱ्या पान्याने धरला म्हणून राहिला.

ट्रॅपच्या तळाशी काळा गाळ होता, टूथपेस्टच्या ट्यूबचं टोपण होतं. पण पाणी अडावं इतकं नाही. खरं चित्र भिंतीत दिसलं. टॉर्च मारला तर पाइपाचं तोंड बाहेरून चांगलं जाड, आणि आत तांबूस-तपकिरी गाठी, मध्ये जेमतेम पेन्सिल शिरेल एवढं वेडंवाकडं भोक. त्यातच केस अडकलेले दिसतात.

आता कसं करू? आणि नक्की अडथळा फक्त तिथेच आहे हे कसं कळेल?

पाइपपाना:
आता तुमच्याकडे खात्री करून घेण्याची सर्वांत सोपी वेळ आहे, ती वाया घालवू नका. ट्रॅप जोडलेला नसताना बेसिनखाली रिकामी बादली धरा आणि बेसिन भरून सोडा. धो-धो खाली आलं तर वरचा भाग पूर्ण साफ. मग चिंधी काढून भिंतीतल्या पाइपात नळीने थोडं थोडं पाणी सोडा. परत फिरून बाहेर आलं तर अडथळा तिथेच. या दोन गोष्टींनी लाइनीचे दोन भाग वेगळे होतात, मग अंदाजाला जागा राहत नाही. बादलीतलं पाणी अर्थातच संडासात ओता, बेसिनमध्ये नाही.

त्या गाठींबद्दल. जस्ताचा मुलामा वर्षानुवर्षं झिजतो, मग खालचं लोखंड गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून पाइप आतून मिटत जातो. ३२ मिलीमीटरचा मार्ग १६ वर आला तर वाट निम्मी होत नाही, क्षेत्रफळ चौथाईवर येतं, आणि खडबडीतपणामुळे प्रवाह त्याहूनही कमी होतो. शिवाय प्रत्येक गाठ केसांना धरायला आकडा होते. नवीन गुळगुळीत पाइपातून जो केस सरळ निघून जातो तो इथे थांबतो.

स्प्रिंग घाला. बेसिनच्या लाइनीला ६ मिलीमीटरची पातळ स्प्रिंग हवी, जाड स्प्रिंग पहिल्या बाकातच अडते आणि जुन्या बाकावर जोर येतो. ट्रॅप काढलेला असताना थेट भिंतीतूनच घाला, ट्रॅपमधून घालायचा हट्ट नको. स्प्रिंग हाताने ढकला, अडली की बाहेर थोडीशीच मोकळी ठेवून मुठीचा स्क्रू घट्ट करा आणि घड्याळाच्या दिशेने फिरवत फिरवत पुढे. बाहेर फूटभर मोकळी ठेवून फिरवलीत तर ती बाहेरच पीळ घेते.

हाताला काय लागतं ते ओळखायला शिका. मऊ, ओढल्यावर थोडं मागे येणारं लागलं तर केस. तिथे ढकलू नका, चार-सहा वेढे फिरवा म्हणजे टोकाला गुंता गुंडाळला जाईल, मग फिरवणं चालू ठेवत बाहेर ओढा. टणक, टकटक वाजणारं लागलं तर बाक किंवा गंजाची गाठ. बाक असेल तर हलका दाब देऊन फिरवलं की वळतं. जोराने ठोकायचं नाही. कुजलेल्या बाकाला स्प्रिंगचं टोक आतून आरपार भोकही पाडू शकतं.

सरळरेघ:
मी वेगळं मत मांडतो. आम्ही कॉस्टिक वापरतो आणि केस खरोखर विरघळतात. इतकं सगळं उघडण्यापेक्षा ते सोपं नाही का? सगळ्या केमिकलना एकाच पारड्यात टाकणं मला पटत नाही.

प्रयोगवही:
तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, म्हणून नीट उत्तर देतो. कॉस्टिक सोडा केसातलं केराटिन तोडतो आणि चरबीचा साबण करतो. आणि ॲसिड व कॉस्टिक यांना एकच समजू नये हेही खरं. साध्या लोखंडाला आणि बिडाला कॉस्टिक थंड पाण्यात फारसं खात नाही. ॲसिड मात्र खातं, आणि जस्ताचा थर तर फार वेगाने. कौलारूंनी ॲसिड नाकारलं ते या पाइपासाठी अगदी योग्यच.

पण कॉस्टिक जस्ताला, ॲल्युमिनियमला आणि शिशाला सोडत नाही. ॲल्युमिनियमशी तर हायड्रोजन वायू सुटतो. पाण्यात विरघळताना ते प्रचंड तापतं, आणि अडथळा न सुटता खडे तळाला बसले तर तिथेच दगडासारखा घट्ट गठ्ठा होतो. शिवाय ते गंजाच्या गाठीला काहीही करत नाही, म्हणजे कौलारूंच्या पाइपात केस गेले तरी पेन्सिलएवढंच भोक शिल्लक राहणार आणि नवे केस पुन्हा तिथेच.

वापरणारच असाल तर चष्मा, जाड हातमोजे, खिडकी उघडी, कॉस्टिक पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधी नाही. दोन वेगळी केमिकल एकामागून एक कधीच नको. ब्लीचवर ॲसिड पडलं की क्लोरिन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. ब्लीचमध्ये अमोनिया मिसळला तरी विषारी वायू. आणि कुणाला दुरुस्तीला बोलावलंत तर आत काय ओतलंय ते आधी सांगा.

पाइपपाना:
शेवटच्या वाक्याला माझ्याकडून मोठ्ठं अनुमोदन. न सांगता कॉस्टिक भरलेला ट्रॅप उघडायला लावला की तोंडावरच येतं. आमच्यातल्या कित्येकांच्या हातावर त्याच्या खुणा आहेत.

सरळरेघ:
ॲल्युमिनियमचं ठाऊक नव्हतं. गंजाच्या पाइपाबद्दलचा मुद्दा पटला.

खिडकीजवळ:
मला एक शंका आहे. आमच्याकडे सगळं साफ करूनही पाणी हळूच जातं, आणि शेवटी जोरात 'गुडुक' होऊन ट्रॅपमधलं पाणीही ओढलं जातं. मग वास येतो.

पाइपपाना:
तुमचा प्रश्न हवेचा आहे. पाणी खाली जायचं तर मागून हवा यायला हवी. जुन्या घरात ट्रॅप बऱ्याचदा इंग्रजी 'एस'च्या आकाराचा, सरळ जमिनीत उतरणारा असतो, हवेची वेगळी नळीच नाही. पाण्याचा लोंढा पुढे जाताना मागचं पाणी ओढून नेतो, ट्रॅप रिकामा होतो आणि वासाला मोकळी वाट मिळते. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंगने 'एस' बाकाच्या संडासाचं पेटंट घेतलं तेव्हापासून हा बाक आहे, काम एकच: थोडं पाणी धरून ठेवून वायू अडवणं. पण ते पाणी तिथे टिकलं तरच.

गच्चीवर वर निघालेला हवेचा पाइप असेल तर तो पानांनी, पक्ष्यांच्या घरट्याने बुजलाय का बघा. नसेलच तर 'एस' बदलून 'पी' ट्रॅप (आडवा भिंतीत जाणारा) आणि हवेची सोय करून घ्या. हे काम मात्र घरी करण्यातलं नाही.

कौलारू:
स्प्रिंग घातली. हातभर आत गेल्यावर तुम्ही म्हणालात तसं मऊ लागलं. फिरवून ओढल्यावर टोकाला काळ्या दोरीसारखी केसांची वेटोळी आली आणि त्यांच्याबरोबर गंजाचे खपले, काही नखाएवढे. पुन्हा घातली, पुन्हा आलं, असं करत करत शेवटी स्प्रिंग रिकामी यायला लागली. पुढे एक टणक जागा आहे, तिथे वळून ती जाते, म्हणजे बाक असावा. तिथे जोर लावला नाही.

मग नळीने पाणी सोडलं तर एक थेंब मागे आला नाही. ट्रॅप धुऊन, नवीन वॉशर घालून जोडला. बेसिन भरून सोडलं तर आता भोवरा तयार होतो, शेवटपर्यंत.

तरी गाठी आत आहेतच. भिंतीतला तो तुकडा बदलून घ्यायचं ठरवतोय. त्यात काय बघावं? आणि प्लास्टिकचा पाइप जुन्या लोखंडी पाइपाला जोडता येतो का?

पाइपपाना:
छान झालं. भोवरा शेवटपर्यंत टिकला म्हणजे वाट मोकळी आहे. पण स्प्रिंगने गाठी जात नाहीत, फक्त खपले निघतात, त्यामुळे हे काही महिन्यांचं स्वास्थ्य समजा. जोरदार पाण्याचा फवारा मारून साफ करा असं कुणी सुचवलं तर कुजलेल्या जस्ती पाइपासाठी ऐकू नका.

बदलताना जुना तुकडा पिळून काढायचा प्रयत्न थांबवा. पुढचा बाक बिडाचा असेल तर तो फुटतो. आधी भिंत पुरेशी उघडून पुढचा जोड दिसू द्या, मग करवतीने तुकडा कापून दोन भागांत काढा. उरलेले आटे चांगले असतील तर आट्यांचा अडॅप्टर लावून त्याला प्लास्टिक जोडता येतं. आटे खाल्लेले असतील तर मागे चांगल्या धातूपर्यंत कापा आणि स्टीलच्या पट्ट्यांचा रबरी जोड वापरा, तो दोन वेगळ्या जाडीच्या पाइपांसाठी मिळतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप लागतो. ट्रॅपच्या नटांवर नाही, तिथे काम वॉशर करतो.

नवीन पाइप ३२ ऐवजी ४० चा घाला, भिंतीत जागा असेल तर. उतार मीटरला साधारण २ सेंटीमीटर. त्याहून फार जास्त दिला तर ट्रॅपमधलं पाणी ओढलं जाण्याचा धोका, कमी दिला तर गाळ बसतो. मध्ये कुठेही झोळ नको, सरळ लांब पट्टी लावून तपासा. भिंत बंद करण्याआधी बेसिन पूर्ण भरून दोन-तीनदा सोडा आणि प्रत्येक जोडाला कोरडा कागद पुसून बघा. ओल डोळ्याला दिसायच्या आधी कागदाला कळते.

शुभ्रा:
वाचून आमच्या बेसिनची जाळी काढून बघितली. सांगू नये एवढं निघालं. आता जाळीवर केस अडवणारी बारीक चाळणी ठेवलीये. पण एक प्रश्न राहतोच, पाणी नीट जातंय तरी वास येतो.

जुनीजाणती:
शुभ्रा, काठाजवळचं ते जादा पाण्याचं भोक बघ. त्याचा मार्ग बेसिनच्या पोटातून कपलिंगला मिळतो आणि तिथून पाणी क्वचितच वाहतं, म्हणून आत बुळबुळीत थर वाढतो. बाटल्या घासायचा लांब बारीक ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून आत फिरव, मग नरसाळ्याने कोमट पाणी भरपूर सोड. खालून काळे तुकडे येतील, ते येणं थांबेपर्यंत सोडत राहा. कपलिंगच्या बाजूलाही दोन छोट्या खिडक्या असतात, ट्रॅप उघडशील तेव्हा त्याही आतून घासून घे.